पुस्तक छापायच्या आधी: मुद्रितशोधक कसा शोधायचा आणि त्याला काम कसं द्यायचं

माझे बाबा परतवाडा डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी सहा वह्या भरून आठवणी लिहिल्या, मेळघाटातले रस्ते, सेमाडोहच्या मुक्कामी गाड्या, पावसाळ्यात बंद पडलेला घाट, एकदा अडलेल्या बाईला घेऊन मध्यरात्री धारणीहून मागे फिरवलेली बस, सगळं. आम्ही भावंडांनी स्वखर्चाने पुस्तक करायचं ठरवलं, वह्या टाइप करून घेतल्या आणि मग कोणीतरी म्हणालं की छापायच्या आधी एकदा प्रूफ बघून घ्या कोणाकडून तरी. या "कोणाकडून तरी"मध्ये आमचे तीन महिने गेले आणि बरेच पैसेही गेले.

झालं असं की पहिल्यांदा ज्यांना काम दिलं त्यांना बाबांचे वऱ्हाडी संवाद म्हणजे चुका वाटल्या. "मले", "तुले" ही रूपं अशुद्ध आहेत असं समजून त्यांनी पूर्ण फाइलमध्ये "मले" शोधून त्या जागी "मला" टाकलं, एका झटक्यात. त्यामुळे संवाद तर गेलेच, पण "गावातले लोक जमले" याचं झालं "गावातले लोक जमला", आणि "दमलेली म्हातारी" झाली "दमलाली म्हातारी". बाबांनी चार पानं वाचली, फाइल मिटवली आणि एवढंच म्हणाले, "हे माहं नाही." मला ते अजून ऐकू येतं. नंतर ज्या ताई मिळाल्या त्यांनी मूळ फाइल मागून घेतली आणि शून्यापासून काम केलं, पुस्तक नीट झालं. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच जणांना त्यांच्या पुस्तकांसाठी माणूस शोधून द्यायला मी मदत केली. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे, पहिल्यांदा पुस्तक करणाऱ्यांसाठी.

आधी ठरवा, काम नक्की कोणतं आहे

"जरा प्रूफ बघून द्या" हे वाक्य बोलूच नका, कारण त्यात तीन वेगळी कामं लपलेली असतात आणि तीनही कामांचा वेळ आणि पैसा वेगळा असतो.

पहिलं काम संपादनाचं. कोणतं प्रकरण कुठे यावं, काय काढावं, कुठे अजून लिहायला हवं, हे लेखकाशी बोलून ठरवणं. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांच्या हस्तलिखितांवर ज्या बारकाईने काम करायचे त्याबद्दल आजही आदराने बोललं जातं, ते हे काम. दुसरं काम भाषेच्या संपादनाचं, ज्याला हल्ली सगळे कॉपी एडिटिंग म्हणतात. यात वाक्यरचना, शब्दांची निवड, एकच नाव तीन प्रकारे लिहिलं गेलंय का, तारखा एकमेकींशी जुळतात का, हे सगळं येतं. हे काम वर्डच्या फाइलवर होतं, पानं लागायच्या आधी. तिसरं काम मुद्रितशोधन म्हणजे खरं प्रूफरीडिंग. हे डीटीपीवाल्याने, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं रचणाऱ्याने, पानं लावल्यानंतर करायचं, म्हणजे छापताना जसं दिसणार तसं पान समोर असताना. टायपिंगच्या चुका, तुटलेली जोडाक्षरं, ह्रस्व-दीर्घ, विरामचिन्हं, पानांचे आकडे, शीर्षकं.

बहुतेक नवीन लेखकांना दुसरं आणि तिसरं अशी दोन्ही कामं हवी असतात पण ते पैसे तिसऱ्याचे देतात आणि अपेक्षा पहिल्याची ठेवतात. मग दोन्ही बाजू नाराज. एक सोपी परीक्षा सांगते, तुमच्या लेखनातली दहा पानं अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमच्याबद्दल काही माहीत नाही. तो जर "इथे कोण बोलतंय ते कळलं नाही" किंवा "हे आधी पण आलं होतं ना?" असं म्हणाला तर तुम्हाला संपादन हवंय, आणि तो फक्त "हा शब्द चुकलाय" म्हणत राहिला तर भाषेचं संपादन आणि प्रूफ पुरेल.

दोन्ही कामं एकाच व्यक्तीने केली तर चालतात, पण परवडत असेल तर शेवटचं प्रूफ वेगळ्या माणसाला द्या. एकच मजकूर तिसऱ्यांदा वाचताना डोळा चुकीच्या जागी बरोबर शब्द वाचतो, हा कोणाचा दोष नाही, डोळ्यांची सवयच तशी असते.

फाइल देण्याआधी घरी करायचं काम

इथे कंजूषी केली की पुढे संपादकाच्या तासांचे पैसे जातात. सगळा मजकूर एकाच फाइलमध्ये आणा आणि तिच्या नावात तारीख टाका, "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" असल्या नावांमुळे आमच्याकडे एक अख्खं प्रकरण जुन्या रूपात छापायला जाणार होतं.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर नीट दिसेल अशा टायपिंगमध्ये, आहे का ते आधी बघा. बऱ्याच टायपिंगवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं, ती फाइल तुमच्या मोबाइलवर उघडली की भलतीच अक्षरं दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलता येते पण बदलताना काही जोडाक्षरं हमखास बिघडतात, आणि सगळ्यात जास्त बिघडतो तो अर्धा ऱ. आमच्या पुस्तकात घाट पावलोपावली, त्यामुळे "दऱ्या" शब्द खूप वेळा होता, फाइल बदलल्यावर सगळीकडे "दर्या" झालं. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. "चिखलदऱ्याला" याचं "चिखलदर्याला". बदललेल्या फाइलमध्ये आधी हे शोधा.

मग नावांची यादी करा. माणसं, गावं, नद्या, डोंगर, संस्था, जी नावं पुस्तकात येतात ती सगळी तुमच्या मते जशी लिहायला हवीत तशी एका कागदावर. हे तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही. काटकुंभ, हरिसाल, चुर्णी ही गावं पुण्यात बसलेल्या माणसाला कशी माहीत असणार, त्याने ती तपासावीत ही अपेक्षा तरी का करायची.

माणूस कुठे शोधायचा

तुमच्या कपाटातली अशी पाच-सहा पुस्तकं काढा जी तुमच्या पुस्तकाच्या जातीची आहेत आणि वाचताना तुम्हाला कुठे अडखळायला झालं नाही. सुरुवातीला ज्या पानावर प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ ही नावं असतात तिथे पुष्कळदा मुद्रितशोधकाचंही नाव असतं. प्रकाशकाला फोन करून विचारा, बरेच जण आनंदाने नंबर देतात कारण हे काम करणारे बहुतेक लोक फ्रीलान्स असतात आणि त्यांना काम मिळावं असं प्रकाशकालाही वाटतं. माझ्या मते हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

दुसरा मार्ग डीटीपीवाले. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत दादर-गिरगावकडे जे वर्षानुवर्षं पुस्तकांची पानं लावतात त्यांना बरोबर माहीत असतं की कोणाच्या प्रुफात दुरुस्त्या स्वच्छ असतात आणि कोणाच्या प्रुफानंतरही चुका राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी असाल तर दिवाळी अंक काढणाऱ्यांना विचारा, किंवा कॉलेजच्या मराठी विभागात. फक्त एक लक्षात ठेवा, मराठी शिकवणं आणि प्रूफ तपासणं ही वेगळी कौशल्यं आहेत. उत्तम शिकवणारे सर प्रुफात सहज चुका सोडतात कारण ते अर्थ वाचतात, अक्षर वाचत नाहीत.

वेळेचं पण बघा. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची, का. र. मित्रांच्या मनोरंजन मासिकापासून, आणि आजही श्रावणापासून दिवाळीपर्यंत चांगले मुद्रितशोधक अंकांच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले असतात. तेव्हा फोन केलात तर एक तर नकार मिळेल नाही तर घाईत केलेलं काम. साहित्य संमेलनाच्या आधीही अशीच गर्दी असते, प्रत्येकाला संमेलनात प्रकाशन हवं असतं. दिवाळी झाल्यावर लगेच किंवा उन्हाळ्यात काम द्या, माणूस निवांत असतो, तुमच्या मजकुराला त्याचं डोकं मिळतं.

नमुन्याची पानं, इथेच खरा निकाल लागतो

पूर्ण पुस्तक कोणालाही सरळ देऊ नका. दोन किंवा तीन जणांना तीच सहा पानं द्या आणि त्याचे पैसे द्या. फुकट नमुना मागणं मला बरं वाटत नाही, तो त्यांचा दिवस आहे, आणि पैसे दिले की तुम्हालाही हक्काने प्रश्न विचारता येतात.

पानं पुस्तकाच्या सुरुवातीची देऊ नका, ती आपण इतक्या वेळा घासलेली असतात की त्यात चुका उरत नाहीत. मधली द्या. त्यात थोडे संवाद असू देत, एखादी तारीख, दोन-तीन माणसांची नावं, आणि एखादा लांबलचक परिच्छेद जो तुम्हालाच जमलेला वाटत नाही.

नमुना परत आला की आधी लाल खुणा मोजायचा मोह होतो. मोजू नका. ज्याच्या पानावर जास्त लाल तो जास्त चांगला असं मुळीच नसतं. मी आता फक्त एक गोष्ट बघते, त्याने प्रश्न कोणते विचारलेत. महत्व चं महत्त्व, तज्ञ चं तज्ज्ञ, उज्वल चं उज्ज्वल, आर्शिवाद चं आशीर्वाद हे तर कोणीही जाणकार करेल, करायलाच पाहिजे, ती किमान पात्रता झाली. पण कुठे थांबायचं आणि लेखकाला विचारायचं, हे ज्याला कळतं तो माणूस तुमचा.

ताईंचा नमुना माझ्याकडे अजून आहे. सहा पानांवर त्यांनी समासात सात प्रश्न लिहिले होते, त्यातले काही सांगते. बाबांनी एका ठिकाणी लिहिलं होतं की एसटीची पहिली गाडी १९४९ ला पुण्याहून मुंबईला गेली. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं, "१ जून १९४८, पुणे ते अहमदनगर ना? कृपया तपासावे." तपासलं, त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या पानावर मुक्कामी गाडी साडेसातला सुटते आणि दोन पानांनी तीच गाडी नऊला, तर विचारलं होतं, "वेळ बदलली होती की वेगळी गाडी?" बाबांनी जुनी डायरी काढली, उन्हाळी आणि पावसाळी वेळापत्रक वेगळं होतं, मग त्यांनी तिथे तीन ओळी नवीन लिहिल्या आणि त्या पुस्तकातल्या सगळ्यात छान ओळी आहेत असं मला वाटतं. एका अधिकाऱ्याने पैसे मागितल्याचा प्रसंग होता, तिथे, "हे गृहस्थ हयात आहेत का? नाव ठेवायचे आहे का?" हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. आणि "मले" या शब्दाखाली एक हलकी टिंबांची रेघ आणि बाजूला, "वऱ्हाडी संवाद तसेच ठेवते आहे. निवेदनातही दोनदा आले आहे, ते मुद्दाम आहे का?"

तो शेवटचा प्रश्न वाचून बाबा म्हणाले, या बाईले द्या काम.

त्याच वेळी दुसऱ्या एकांचा नमुना आला होता, त्यात एकही प्रश्न नव्हता, सगळी वाक्यं मात्र गुळगुळीत करून दिलेली. "गाडी घाटात हासडत चालली होती" याचं "गाडी घाटातून संथ गतीने मार्गक्रमण करत होती". व्याकरणात चूक काढायला जागा नाही, पण ते आमच्या बाबांचं वाक्य राहिलं नव्हतं. असा नमुना आला की पैसे द्या, आभार माना आणि थांबा.

काही जण विचारतात की हे सगळं एआयला दिलं तर? मी दोन प्रकरणं देऊन बघितली. चुका काही पकडल्या, पण न सांगता शब्दही बदलले, वऱ्हाडी वाक्यं अर्धी सरळ केली, आणि बदललेलं कुठे कुठे ते शोधायला मला मूळ मजकूर शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचावी लागली. नावांची यादी काढायला, एकच शब्द दोन तऱ्हेने आलाय का बघायला वापरा. मजकूर हातात देऊ नका.

दर आणि वेळ

दर पानावर असतो, शब्दावर असतो किंवा फर्म्यावर, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यावर, असतो. पानावर सांगितला तर लगेच विचारा, पान म्हणजे कोणतं पान? एफोरवर टाइप केलेलं पान, हाताने लिहिलेलं पान आणि छापील पुस्तकाचं पान यात खूप फरक पडतो, आणि जवळपास सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. मला शब्दांचा हिशेब आवडतो कारण तो दोघांच्याही फाइलमध्ये सारखाच दिसतो.

अंदाज यावा म्हणून हिशेब सांगते. ४०,००० शब्दांचं पुस्तक असेल तर डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात एका पानावर साधारण २५० ते ३०० शब्द धरले की १३५ ते १६० पानं होतात. फर्मा बहुतेक वेळा १६ पानांचा, म्हणजे नऊ-दहा फर्मे. आता भाषेचं संपादन नीट करायचं तर तासाला सहा-सात पानांपेक्षा जास्त होत नाहीत असा माझा अनुभव आहे, म्हणजे पंचवीसेक तास नुसत्या एका वाचनाचे, आणि हे लोक रोज तीन-चार तासांच्या वर असं काम करू शकत नाहीत, डोळे आणि लक्ष दोन्ही संपतं. म्हणजे सात-आठ दिवस. त्यावर तुमची उत्तरं, मग दुसरं वाचन. कोणी जर म्हणालं की परवा देतो, तर तो वाचणार नाहीये हे समजा.

सगळ्यात स्वस्त दर बघून निवडू नका, आम्ही तेच केलं होतं. आणि घासाघीस करायचीच असेल तर कामात करा, दरात करू नका, म्हणजे दोन वाचनांऐवजी एकच घ्या किंवा परिशिष्टं स्वतः तपासा.

बोलणं झालं की ते लिहून पाठवा

करारनामा, स्टॅम्पपेपर वगैरे लागत नाही, पण एक मेसेज किंवा ईमेल लागतोच. मी साधारण असं लिहिते:

"ताई, आज फोनवर ठरलं ते लिहून पाठवते. काम: भाषेचं संपादन, वर्ड फाइलवर, बदल दिसतील असे ठेवून. त्यानंतर लावलेल्या पानांचं एक प्रूफ. शब्द ४०,०००. फाइल १० तारखेला देते, संपादन ३० तारखेपर्यंत. एक तृतीयांश रक्कम आज, एक तृतीयांश संपादन झाल्यावर, उरलेली प्रूफ झाल्यावर. तुमच्या प्रश्नांना मी दोन दिवसांत उत्तर देईन. नवीन मजकूर वाढला तर त्याच दराने वेगळे पैसे. काम मध्ये थांबलं तर तोपर्यंत झालेल्या पानांचे पैसे देईन. पुस्तकात मुद्रितशोधन म्हणून तुमचं नाव द्यायचं की नाही ते कळवा. फाइल कोणालाही पुढे पाठवू नये ही विनंती. यात काही चुकलं असेल तर सांगा."

शेवटची ओळ मनापासून लिहा. आणि नावाबद्दल नक्की विचारा, काहींना नाव हवं असतं, काहींना नको असतं, विशेषतः तुम्ही त्यांच्या सूचना मान्य केल्या नसतील तर त्यांना त्या पानावर स्वतःचं नाव नको वाटणं मला बरोबर वाटतं.

शैलीपत्रक, एका पानाचा कागद

काम सुरू व्हायच्या आधी दोघांनी मिळून एक पान तयार करायचं ज्यात या पुस्तकापुरते निर्णय लिहिलेले असतील. मराठीत नियम आहेत, मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ ला मान्य झाले, पुढे १९७२ ला आणखी ४ आले, असे १८, आणि बहुतेक सगळे मुद्रितशोधक तेच धरून चालतात. शंका आली की मो. रा. वाळंबे, अरुण फडके, यास्मिन शेख यांची पुस्तकं उघडतात. तुमच्या माणसाच्या टेबलावर यातलं कोणतं असतं ते विचारा, उत्तर चटकन आलं पाहिजे.

पण नियम असूनही निवड उरतेच. निवेदनात "केले" लिहायचं की "केलं"? नियमाप्रमाणे पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे अनुस्वार देऊन आणि बाकी लेखन एकारान्त, पण आठवणी सांगणारा माणूस सगळंच बोलल्यासारखं सांगत असेल तर अख्खं पुस्तक "केलं" वळणाचं ठेवता येतं, फक्त मग मध्येच "गेले होते" यायला नको. आमच्या कागदावर असं लिहिलं होतं: निवेदन "केलं" वळणाचं. संवाद वऱ्हाडी, शब्दाला हात लावायचा नाही, फक्त विरामचिन्हं बघायची. डेपो लिहायचं, आगार नाही. कंडक्टर लिहायचं, वाहक नाही, कारण बाबा आयुष्यभर कंडक्टरच म्हणाले. आकडे देवनागरी. चिखलदरा, चिखलदऱ्याला, चिखलदऱ्याहून, तिन्ही रूपं लिहून ठेवलेली. गाडीचं नाव एकेरी अवतरणात. बस्स, एवढं, पण या एका पानामुळे नंतरचे पन्नास फोन वाचले.

मालवणी, अहिराणी, कोल्हापुरी, गोव्याकडचं मराठी, जे काही तुमच्या घरचं असेल ते या कागदावर आधी लिहा. समोरच्याला ती बोली येत नसेल तर तसं त्याने सांगावं आणि मग त्या संवादांचं प्रूफ घरातल्या माणसाने बघावं. आमच्याकडे ते आत्याने बघितलं.

काम चालू असताना

बदल दिसतील अशा पद्धतीनेच फाइल घ्या, वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवून किंवा गुगल डॉक्समध्ये सजेस्टिंगवर. ज्यांना कागदावर लाल पेनने काम करायची सवय आहे त्यांच्याकडून कागदावर घ्या, काही हरकत नाही, फार उत्तम काम होतं, फक्त त्या दुरुस्त्या फाइलमध्ये कोण टाकणार ते आधी ठरलेलं असू द्या.

फाइल आली की "सगळे बदल मान्य" हे बटण दाबू नका. एकेक बघा. कंटाळा येतो हे खरंय, पण तुमच्या नावावर छापलं जाणार आहे. पहिल्या वीस पानांत कळतं की ह्रस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या विश्वासाने घेता येतील, मग तिथे वेग वाढवा आणि शब्द बदललेत तिथे थांबा. एखादी सूचना पटली नाही तर नाकारा पण कारण एका ओळीत लिहा, म्हणजे पुढच्या प्रकरणात ती परत येत नाही.

प्रश्नांना उत्तरं लवकर द्या. आणि मध्येच नवीन प्रकरण पाठवू नका, सुचलं तर वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि फेरी संपल्यावर द्या. मी हे एका मैत्रिणीला चार वेळा सांगितलं तरी तिने रोज एक परिच्छेद पाठवलाच, शेवटी कोणत्या फाइलमध्ये कोणता परिच्छेद आहे हे तिलाही कळेना आणि तिच्या मुद्रितशोधक बाईंनाही.

पानं लागल्यावर

आता खरं प्रूफ. संपादन झालेली फाइल डीटीपीवाल्याकडे गेली की तो ती परत दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलू शकतो, आणि अर्धा ऱ पुन्हा मरतो, म्हणून आधी झालंय म्हणून हे प्रूफ सोडू नका. सॉफ्टवेअर कुठलंही असलं तरी ओळीच्या शेवटी शब्द भलत्या ठिकाणी तुटणं, शब्दानंतरचं पूर्णविरामाचं टिंब एकटंच पुढच्या ओळीत जाणं, दोन शब्द चिकटणं, हे होतंच.

मुद्रितशोधक मजकूर बघेल, पण काही गोष्टी कोणाच्याच यादीत नसतात म्हणून चुकतात. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे. पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव. फोटोंखालच्या ओळी. अर्पणपत्रिका. मलपृष्ठावरचा मजकूर. आणि पुस्तकाचा कणा. मुखपृष्ठ दुसराच कलाकार करतो आणि ती फाइल मुद्रितशोधकापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे आतली दीडशे पानं स्वच्छ आणि कव्हरवर चूक, असं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. कव्हरची फाइल प्रुफाच्या कामात पहिल्यापासून धरा.

पहिल्या प्रुफातल्या दुरुस्त्या टाकून झाल्या की दुसरं प्रूफ येतं, ते पूर्ण वाचायचं नसतं, तर पहिल्या प्रुफाची प्रत शेजारी ठेवून प्रत्येक खूण जुळवायची असते आणि ती ओळ व तिच्या वर-खालच्या ओळी बघायच्या असतात, कारण एक दुरुस्ती टाकताना शेजारचा शब्द उडालेला असू शकतो. शेवटची नजर मात्र तुमची. नावं, तारखा, फोटो. ही जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येत नाही.

पैसे, प्रत आणि नंतरचं

उरलेले पैसे प्रूफ हातात आलं त्याच दिवशी द्या. या कामातल्या लोकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकून राहतात, "पुस्तक विकलं गेलं की देतो" असं त्यांना ऐकावं लागतं, आणि ते फार वाईट आहे. त्यांचं काम पुस्तक विकण्याचं नव्हतं. छापून आलं की एक प्रत स्वतः पाठवा, पुढच्या कामाला ते तुमचा फोन आनंदाने उचलतात हे तर आहेच, पण त्यांनी महिनाभर ज्या अक्षरांवर डोळे लावले ते बांधलेलं पुस्तक त्यांच्या हातात जायला हवं.

छापल्यावरही चुका सापडतील, दीडशे पानांत चार-पाच राहणारच, त्यासाठी लगेच कोणाला बोल लावू नका. एक प्रत "दुरुस्ती" असं लिहून वेगळी काढा आणि जो जो वाचून काही सांगेल ते त्यात पेन्सिलने नोंदवत जा, दुसऱ्या आवृत्तीला तीच प्रत मुद्रितशोधकाकडे जाते. आमच्या प्रतीत आत्तापर्यंत अकरा नोंदी आहेत, त्यातल्या तीन डेपोतल्या जुन्या कंडक्टर काकांनी घरी येऊन सांगितलेल्या, एका गाडीचा नंबर, एका पुलाचं नाव, आणि सेमाडोहच्या त्या चहावाल्याचं आडनाव, जे बाबांना चार वर्षं आठवत नव्हतं.